वरून पावर मिळणार

आमच्या पाळकांचा सगळ्यात गाजलेला उपदेश दोन वाक्यांचा होता. ते उभे राहिले, शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, उघडलं, बराच वेळ पानाकडे पाहिलं, मग छताच्या पत्र्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज वरनं काय आलं न्हाई. आलं की सांगतो." एवढं बोलून ते खाली बसले. आम्ही वाट पाहत राहिलो. शेवटी त्यांनीच मान वळवून मला विचारलं, "सेक्रेटरीबाई, चहा झाला का?"

चहा झाला नव्हता. माझ्या हिशेबाने उपदेशाला अजून पुष्कळ वेळ होता आणि दूध त्या बेताने चुलीवर चढायचं होतं. मला राग आला तो उपदेशाचा नाही, दुधाचा. पण गंमत अशी की त्यांचे लांबलचक उपदेश आज कुणाला आठवत नाहीत आणि हा आमच्या मंडळीतल्या लहान मुलांनाही पाठ आहे.

ही मंडळी म्हणजे मांडवगण फराट्यातली मोजकी ख्रिस्ती घरं. गावाच्या कडेला पत्र्याची एक शेड आहे, तिला आम्ही प्रार्थनाघर म्हणतो. ते पत्रे माझ्या वडिलांनी स्वतः वर चढून टाकले. वडील गेले, आई गावातच राहिली. मी शिरूरला राहते, रांजणगावच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळते आणि दर रविवारी दुपारी उपासनेला मांडवगणला येते. मंडळीची सेक्रेटरी मी कशी झाले, तर याद्या करते म्हणून. सतरंज्या, पेले, आचारी, मांडव, कोण काय आणणार, कोण काय विसरणार, हे सगळं माझ्याकडे लिहिलेलं असतं. कंपनीत याला गुण म्हणतात. पाळक याला आजार म्हणायचे.

पाळक दौंडचे. त्यांचे वडील रेल्वेत होते. ते स्वतः तरुणपणी वायरमन होते, आणि त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, "वाईट वायरमन." हे नम्रपणाने बोलायचं म्हणून नव्हे. प्रार्थनाघराचं वायरिंग त्यांनी हौसेने स्वतः केलं होतं. तेव्हापासून पंख्याचं बटण दाबलं की बाहेर दारावरचा बल्ब लागतो. पंखा लावायचा असेल तर घंटेच्या खालचं बटण दाबावं लागतं, आणि ते घंटेचं आहे असं समजून कुणी हात लावत नाही. नवख्या माणसाला उकडत राहतं आणि दारावर भर दुपारी दिवा जळत असतो.

"पाळकसाहेब, हे दुरुस्त करून घेऊ," मी दर दोन महिन्यांनी म्हणायची.

"कशाला? बल्ब लागतो ना? पंखा फिरतो ना? फक्त कुटल्या बटणानं काय व्हतंय ते आपल्याला ठाव न्हाई. देवाच्या कारभारात तरी कुटं ठाव असतंय?"

वायरमनची नोकरी सुटली पण भाषा सुटली नाही. देवाला ते 'मालक' म्हणायचे आणि माणसाला 'वायर'. "माणूस म्हंजी नुसती वायर," असं त्यांचं लाडकं वाक्य होतं. "वायरीला कवा वाटतं का, करंट माझा हाय? आन् ज्या वायरीला वाटतं, ती जळती." कुणी त्यांना म्हणालं की तुमच्या प्रार्थनेने आमच्या पोराचा ताप उतरला, तर ते डोकं खाजवत म्हणायचे, "मी काय केलं? मी फक्त दोन टोकं जोडली. आन् माझं जोडकाम कसं असतंय, ते बाहेरच्या बल्बाला विचारा."

त्यांची प्रार्थना मात्र जपून ऐकावी लागायची. जे तोंडावर बोलता येत नाही, ते सगळं ते देवाला सांगायचे, आम्ही डोळे मिटून बसलेलो असताना, मोठ्याने. मंडळीत सगळे एकमेकांना भाऊ-बहीण म्हणतात; त्यात एक बेसूर पण दणदणीत गाणारा भाऊ होता. "प्रभू, आमच्या भावाला आवाज तू दिलास. परत घे असं मी म्हणत न्हाई. पर जरा बारीक कर." डोळे मिटलेली सगळी मंडळी गदगदा हलत होती. भाऊसुद्धा. पुढच्या रविवारी आवाज खरोखर बारीक झाला. पाळक म्हणाले, मालकाचं काम.

माझीही पाळी येऊन गेली. "प्रभू, ही तुझी लेक लई कामाची हाय. तिच्या यादीत तुला कुटं तरी घाल म्हणून तूच तिला सांग. माझं ऐकत न्हाई."

आमेन झाल्यावर मी यादी त्यांच्यासमोर धरली. "घातलंय. हे बघा. आठवा नंबर. प्रार्थना, पाळकसाहेब."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "आन् सातवा?"

"आचारी."

"मालक आचाऱ्याच्या खाली व्हय?"

"आचारी वेळेवर येतो," मी म्हणाले.

ते इतके हसले की खोकला लागला आणि आईने पाणी आणलं. वेळेवर न येणं ही त्यांची जुनी खोड होती. दौंडहून भीमेचा पूल ओलांडून ते एका जुन्या स्कूटरवर यायचे. तिच्यात पेट्रोल किती आहे हे ते कधी पाहत नसत. एकदा खुटबावला एका आजारी बाईंना भेटायला आम्ही निघालो होतो, ते पुढे आणि मी माझ्या गाडीवर मागे. रस्त्यात त्यांची स्कूटर बंद पडली. ते उतरले, सीटवर हात ठेवला, डोळे मिटले आणि प्रार्थना केली. मी मनात म्हटलं, आता हे चमत्काराची वाट पाहत उन्हात उभे राहणार. पण आमेन म्हणताच त्यांनी हॅण्डल धरलं आणि ढकलायला लागले.

"मग प्रार्थना कशाला केली?" मी विचारलं.

"नुसतं ढकललं तर माणूस चिडतो. नुसती प्रार्थना केली तर गाडी तितंच ऱ्हाती. तुमी काय बघत ऱ्हायलाय, मागनं हात लावा की."

माझी गाडी कडेला लावली आणि पंपापर्यंत मी हात लावला.

हे सगळं हसण्यासारखं असलं तरी एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. पुण्याला आमच्या मंडळ्यांची वरची कमिटी बसते. लहान गावांतल्या उपासना बंद करून तिथल्या लोकांना जवळच्या मोठ्या मंडळीत जोडायचं, असं तिथे घाटत होतं. पाळक कमी, गावं जास्त; कारण समजण्यासारखं होतं. मांडवगणचं नाव त्यात होतं. आम्ही दौंडला जावं, असं म्हणणं. मला चाललं असतं, गाडी आहे. पण आईचे गुडघे गेलेले. शेडपर्यंत ती काठी टेकत येते, तेही वाटेत दोनदा बसून. आठवडाभर ती ज्या एका गोष्टीसाठी उठते, ती गोष्ट म्हणजे रविवार दुपार. शेड बंद झाली तर तिची उपासना बंद, एवढा सरळ हिशेब होता.

वार्षिक मेळाव्याला पुण्याहून वडील पाळक, म्हणजे कमिटीतले ज्येष्ठ पाळक, ज्यांना आम्ही नुसतं 'वडील'ही म्हणतो, ते येणार, इथलं काम पाहणार आणि मग काय ते ठरणार, असा निरोप आला. मी कामाला लागले. कामं वाटली. पाळकांकडे एकच काम दिलं, कारण दोन दिली तर दोन्ही राहतात. गावातल्या चौकात लावायचा फ्लेक्स. मजकूर मी स्वतः लिहून दिला. विषय: वरून सामर्थ्य. वर 'सुवार्ता' असा शब्द. वेळ दिवसा अकरा. पुण्याहून वडील उपस्थित राहणार. चूक होण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी शिरूरहून येताना चौकात मी गाडीचा ब्रेक असा दाबला की मागचा ट्रॅक्टरवाला ओरडला.

फ्लेक्स चांगला मोठा होता. वर लाल अक्षरांत 'आनंदाची बातमी!' खाली: 'मांडवगणला वरून पावर मिळणार, दिवसा!' अकराचा आकडा कोपऱ्यात बारीक. 'पुण्याहून वरिष्ठ साहेब उपस्थित राहणार. सर्वांनी यावे. स्थळ: प्रार्थनाघराचं पटांगण.' एका बाजूला किरणं फेकणारा बल्ब आणि दुसऱ्या बाजूला एक नवाकोरा ट्रान्सफॉर्मर, चित्रात सुद्धा चकाकत होता.

ज्याला आमच्याकडची शेती माहीत नाही त्याला यात काय भयंकर आहे ते कळणार नाही. शेतीच्या मोटारींना वीज पाळीने येते, आणि रात्रीची पाळी आली की माणूस बॅटरी घेऊन अंधारात पाणी धरतो. दिवसा पावर मिळणं हे इथलं स्वप्न आहे. त्यात उन्हाळा. त्यात प्रार्थनाघराच्या मागच्या शिवारातला ट्रान्सफॉर्मर, ज्याला सगळे डीपी म्हणतात, जळून बसलेला. तिकडचा कांदा माना टाकत होता.

मी शेडमध्ये गेले तर पाळक सतरंजीवर बसून आईबरोबर शेंगा फोडत होते.

"पाळकसाहेब, फ्लेक्सवर काय लिहिलंय ते पाहिलंत?"

"बघितलं की. बल्ब लई झ्याक आलाय."

"मी 'सामर्थ्य' लिहून दिलं होतं."

"कागद घरी ऱ्हायला. फोनवर सांगितलं. त्याला सामर्थ्य लिहिता येईना, मी म्हटलं पावर लिव्ह, गावाला कळतंय. सुवार्ता म्हंजी काय इचारलं, मी सांगितलं, आनंदाची बातमी."

"आणि ट्रान्सफॉर्मर?"

"त्यो त्यानं फुकट टाकला."

आईने तोंडाला पदर लावला. मी तिला म्हटलं, "हसू नकोस. पुण्याचे वडील येतील, आणि गाव येईल डीपी मागायला."

"येऊ दे की," आई म्हणाली. "शेड भरल तरी."

शेड भरली, पटांगण भरलं, बाजूच्या बांधावर माणसं बसली. फेटेवाले, टोपीवाले, मोटारसायकलवरून आलेली पोरं. पुढच्या सतरंजीवर मांडी ठोकून आप्पा बसले. आप्पा म्हणजे मागच्या शिवारातले मोठे बागायतदार. गावात त्यांचा शब्द चालतो आणि तो शब्द ते मोठ्याने बोलतात. त्यांनी आल्या आल्या पाळकांना हाक मारली, "ओ फादर! डीपी कुटाय?"

"फादर नव्हं आप्पा, पाळक म्हणत्यात आमच्यात."

"पालक? भाजीचा?"

"पाळक. पर दोन पोरींचा बाप हाय, फादर म्हटलं तरी चालतंय."

हशा पिकला आणि नेमक्या त्या हशात पुण्याचे वडील पाळक गाडीतून उतरले. पांढरा शर्ट, हातात चामड्याची बॅग, उंच, मवाळ चेहऱ्याचे गृहस्थ. त्यांनी गर्दीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा गर्दीकडे.

"ताई, ही सगळी आपली मंडळी?"

मी स्टोअरमध्ये काम करते. माल किती आहे विचारलं की खरा आकडा सांगायची सवय आहे. पण त्या वेळी मी एवढंच म्हणाले, "बसा ना, पाणी आणते." आणि पाणी आणायला गेले ते मुद्दाम लांबच्या माठावर.

परत आले तर वडील पाळक खुशीत होते. ते आमच्या पाळकांना म्हणत होते, "इथली उपासना बंद करायचा विषय निघालाच कसा, मला कळत नाही. कमिटीला मी सांगतो. अहो, पुण्यात एवढी माणसं येत नाहीत." मी मागे उभी राहून पाळकांना डोळ्यांनी खुणावलं. त्यांनी पाहिलं. समजले सुद्धा, मान हलवली. मला वाटलं, होकार दिला.

गाणं झालं. आईच्या शेजारी बसलेल्या आप्पांनी टाळ्या वाजवत साथ केली. मग पाळक उभे राहिले.

"एक घोटाळा झालाय," ते म्हणाले. "तुमी समदी आलाय त्याचा मला आनंद हाय. पर तुमी आलाय डीपीसाठी, आन् आमी बोलावलंय देवाची पावर सांगायला. फ्लेक्सवाल्याची चूक न्हाई, माझी हाय. हे आमचे वडील पुण्याहून आलेत. त्यांच्याकडं डीपी न्हाई."

पटांगणात जो गलका झाला, त्यात मला फक्त आप्पांचा आवाज ऐकू आला. "म्हंजी पावर न्हाई?"

"हाय. पर तारेतनं येणारी न्हाई."

"मग आमी बसू का जाऊ?"

"बसा. चहा सांगितलाय."

वडील पाळकांचा चेहरा मावळत चालला होता. आमच्या पाळकांचं अजून संपलं नव्हतं. "आन् वडिलांचाबी गैरसमज व्हायला नको. आमच्या मंडळीतल्यांनी जरा हात वर करा."

मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता. हळूहळू हात वर झाले. एवढ्या मोठ्या पटांगणात ते हात शोधावे लागत होते. माझाही वर गेला, दुसरं काय करणार. आईने मात्र काठी मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात वर केले.

"मावशी, एकच हात," पाळक म्हणाले.

"एक माझा, एक मालकाचा."

"मालकाचा म्हंजी देवाचा?"

"देवाचे हात त्याचे त्यो वर करील. आमच्या मालकांचा. ह्या पोरीच्या बापाचा. हे पत्रे त्यांनी टाकल्यात, त्यांचा हात मोजायचा."

आमच्या भागातल्या बायका नवऱ्याला मालक म्हणतात. पाळक देवाला म्हणायचे. पाळकांनी क्षणभर आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "मोजला."

उपदेश त्या दिवशी असा झालाच नाही. पाळकांनी विचारलं, जळक्या डीपीसाठी प्रार्थना केली तर चालेल का? आप्पा म्हणाले, करा, आमी गणपतीला सांगून झालंय, मुल्लाणी चाचांनी दर्ग्यात सांगून झालंय, तुमचंच ऱ्हायलं व्हतं. पाळकांनी डोळे मिटले. "प्रभू, मागची डीपी जळालीय. तू बघितलीस. मी वायरमन व्हतो, वाईट व्हतो, तुला ठाव हाय, म्हणून मला हात लावायला सांगू नकोस. पर ह्या लोकांचा कांदा सुकतोय. आन् ही शेडबी कदाचित बंद व्हईल. दोन्ही तुझ्या हातात देतो. माझ्याच्यानं दोन्हीतलं काय व्हणार न्हाई. आमेन."

आमेन टोपीवाल्यांनीही म्हटलं. मग पाळक आप्पांना म्हणाले, "उद्या सकाळी विजेच्या ऑफिसात जाऊ. मी येतो."

"आं? देवावर भरवसा हाय आन् ऑफिसात कशाला?"

"त्याची पावर कुटनं यायची ते आपुन ठरवायचं न्हाई, आप्पा. कवा कवा ऑफिसातनंबी येती."

जाताना वडील पाळकांनी मला बाजूला घेतलं. रागावलेले नव्हते, तेच जास्त अवघड होतं. "माणूस भला आहे," ते म्हणाले. "पण आकडा हा आकडा आहे, ताई. मी कमिटीला काय सांगू?" मी त्यांची बॅग गाडीत ठेवली. ते गेल्यावर मी पाळकांना गाठलं. ते उरलेल्या शेंगा खिशात भरत होते.

"एक दिवस गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?"

"शेड ऱ्हायली असती."

"मग?"

"ती माझ्या लबाडीवर उभी ऱ्हायली असती, सेक्रेटरीबाई. मग रोज मलाच धरून ठेवाय लागली असती. पुढच्या साली परत गर्दी, त्याच्या पुढच्या साली परत. माझे हात दुखत्यात. मालकाला धरू दे. त्यानं सोडली तर पडू दे."

"आणि आई?"

त्यांनी शेंग फोडली, पण खाल्ली नाही. "त्याच प्रश्नानं रातीची झोप न्हाई," ते म्हणाले. "वडील येणार म्हटल्यापासनं. मी काय दगड न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि अर्ज लिहून घेतला, कारण प्रार्थनेला लागत नसले तरी ऑफिसला कागद लागतात. तिथले साहेब वयाने तरुण, डोळे लाल, टेबलावर दोन फोन आणि दोन्ही वाजत होते. त्यांनी अर्ज नीट वाचला. म्हणाले, डीपी मागवलेल्या आहेत, जळालेल्या जास्त आहेत, नंबर लागला की मिळेल. त्यात खोटं काही नव्हतं. आप्पा भांडायला पुढे सरकले, तोच पाळक म्हणाले, "साहेब, तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालंल का?"

साहेब दचकले. नाही म्हणता येईना. "करा," ते म्हणाले.

पाळकांनी टेबलावर हात ठेवला. आप्पांनी टोपी काढली, मागच्यांनी काढली. "प्रभू, ह्या लेकराकडं बघ. समदी ह्याच्यावर वरडत्यात. ह्याला जेवाय येळ मिळत न्हाई. त्यो तिथला डबा अजून उघडला न्हाई, सकाळपास्नं." आम्ही सगळ्यांनी एक डोळा उघडून डब्याकडे पाहिलं. "ह्याच्या लाईनमनला खांबावर संभाळ. ह्याच्या घरच्यांना ह्यो घरी दिसू दे." असं करत करत ते साहेबांच्या आईच्या तब्येतीपर्यंत, फोनच्या बॅटरीपर्यंत आणि खिडकीच्या फुटक्या काचेपर्यंत पोचले. साहेब मध्येच म्हणाले, "आमेन." पाळक पुढे चालूच. साहेब पुन्हा म्हणाले, "आमेन, आमेन." तेव्हा कुठे ते थांबले. डीपीचा शब्द त्यांनी पूर्ण प्रार्थनेत काढला नव्हता.

साहेबांनी डोळे पुसले. हसून की कशाने, सांगता येत नाही. मग डबा पुढे ओढला आणि म्हणाले, "बघतो."

त्याच आठवड्यात डीपी आली. ट्रॅक्टरवर हार घालून आणली. मला नंतर कळलं की मांडवगणचा नंबर तसाही जवळ आलेला होता, यादीत होताच. मी हे पाळकांना मुद्दाम सांगितलं, कारण प्रत्येक गोष्ट मालकाच्या खात्यावर टाकायची त्यांची सवय मला मान्य नव्हती.

"नंबर यादीतच होता म्हणे," मी म्हणाले.

"व्हय का?" ते म्हणाले. "आन् यादी कुणाच्या हातात हाय?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते ऐकायला ते थांबले नाहीत.

डीपी आली त्याच्या दुसऱ्या रविवारी उपासना संपता संपता आप्पा शेडच्या दारात आले. "आमची पावर आली," ते म्हणाले, "आन् तुमची जाती म्हणं?" मी सांगितलं, अजून ठरायचंय, पण तसंच होईल. "त्या पुण्याच्या साहेबाला फोन लावा." मी टाळाटाळ केली. आईने माझ्या पर्समधून मोबाईल काढून माझ्याच हातात दिला.

फोन स्पीकरवर होता. आप्पा मोबाईल भाकरीसारखा तळहातावर धरून बोलले. "साहेब, मी आप्पा. फ्लेक्स वाचून आलेला. मी तुमच्यातला न्हाई, व्हणारबी न्हाई, आधीच सांगतो. पर आमच्या शिवारात रविवार कसा कळतोय म्हाईत हाय का? दुपारच्याला ह्या शेडीतनं गाणं आलं की कळतोय. न्हाई आलं तर गड्यांना सुट्टी कवा द्यायची?"

 मग वडील पाळक म्हणाले, "आप्पा, तुम्ही सभासद नाही, मग तुमचं मत मी कमिटीला कोणत्या नात्याने सांगू?"

"शेजारी म्हणून सांगा. आन् हे बगा, तुमच्या फादरनं त्या दिवशी खरं सांगितलं, त्यात त्याचं नुकसान व्हतं. असला माणूस गावात येतोय, ती वाट बंद करू नगा."

"आणखी काही?"

"त्या म्हातारीचे दोन हात मोजलेत ना?"

"मोजलेत," वडील पाळक म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "तेवढे मी विसरलेलो नाही."

काही दिवसांनी निरोप आला: सध्या वर्षभर चालू ठेवा. मी तो मोठ्याने वाचला. आईने डोळे मिटून घेतले आणि तशीच बसून राहिली. पाळक तिच्यासमोर बसले, आणि त्या एका वेळी त्यांनी मोठ्याने प्रार्थना केली नाही. बऱ्याच वेळाने मला म्हणाले, "बगा, सेक्रेटरीबाई. मी म्हटलं नव्हतं, पावर कुटनं येईल सांगता येत न्हाई? आप्पाच्या तोंडातनं आली. तुमच्या मोबाईलातनं."

"चार्जिंग माझं होतं," मी म्हणाले.

"व्हय तर. वायर लागतीच."

ते वर्ष केव्हाच संपलं. पुढे काय, असं पुण्याहून कुणी विचारलं नाही आणि आम्हीही आठवण करून दिली नाही. पाळक दौंडला त्यांच्या घरी, दुपारी आरामखुर्चीत, शास्त्र मांडीवर असतानाच वारले. अंत्यविधीची यादी मी केली. तिच्यात प्रार्थना सातव्या नंबरवर घातली, आचाऱ्याच्या वर. त्याहून वर ती अजून गेलेली नाही, पण माझं काम चालू आहे.

आता नवे पाळक येतात. तरुण आहेत, वेळेवर येतात, उपदेश लॅपटॉपवर लिहून आणतात. मला त्यांच्याबद्दल काहीही तक्रार नाही. पहिल्या रविवारी त्यांना उकडलं म्हणून त्यांनी पंख्याचं बटण दाबलं. पंखा ढिम्म. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. आम्ही सगळे मोठ्या भक्तिभावाने जमिनीकडे पाहत होतो.

बाहेर रस्त्यावर एक मोटारसायकल थांबली. दारावरचा बल्ब भर उन्हात लागत होता, विझत होता, लागत होता.

"ओ मावशी!" आप्पांची हाक आली. "वरनं पावर आली का?"

आईने काठी मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात वर केले.

"आली!" ती ओरडली.